डायर्डमधून शेल कमांड चालत नाही तेव्हा

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइली हाताळण्यासाठी डायर्ड आहे. फोल्डर उघडलं की त्याची यादी एका बफरमध्ये, म्हणजे इमॅक्समधल्या मजकुराच्या पानात, येते. हव्या त्या फाइलींवर खूण करायची, उद्गारचिन्हाची कळ दाबायची आणि खाली कमांड लिहायची. पन्नास फोटो लहान करायचे, वीस पीडीएफमधला मजकूर काढायचा, निवडक फाइलींचा एक गठ्ठा बांधायचा, या सगळ्यासाठी टर्मिनलमध्ये जाऊन नावं टाइप करत बसावं लागत नाही. नव्याने इमॅक्स शिकणाऱ्याला सर्वांत आधी शिकवावी अशी ही सोय आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण बरेच जण एकदोनदा वापरून ती सोडून देतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: टर्मिनलमध्ये चालतं, इथे चालत नाही. अशा वेळी सेटिंग बदलायला धावू नका. तुम्ही लिहिलेली ओळ जशीच्या तशी शेलपर्यंत, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, पोचत नाही. डायर्ड तिच्यात फाइलींची नावं भरतो आणि मग ती शेलकडे देतो. म्हणून शेलला शेवटी काय मिळालं, हे आधी बघायचं. कारण शोधायचं ते त्यानंतर.

एक सूचना. या लेखात कमांडची आणि सेटिंगची नावं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. तुम्ही टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि अंकही रोमनच लिहायचे. चिन्हं आणि मधल्या मोकळ्या जागा मात्र इथे दिसतात तशाच ठेवा. त्या मोकळ्या जागांवर फार काही अवलंबून आहे.

पायरी १: कळ कोणती दाबली, खूण कशावर आहे

डायर्डच्या बफरमध्ये नुसतं ! दाबलं की कमांड निवडलेल्या फाइलींवर चालते. मोठा एक्स दाबला तरी तेच होतं. & दाबलं तर तेच काम पार्श्वभूमीत होतं आणि इमॅक्स तुमच्यासाठी मोकळा राहतो. मेटा-! ही मात्र वेगळी कळ आहे (मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट). ती इमॅक्समध्ये सगळीकडे चालते आणि तिला निवडलेल्या फाइलींशी देणंघेणं नसतं. सवयीने मेटा दाबला गेला की कमांड फाइलीच्या नावाविना चालते आणि "फाइल दिलेली नाही" अशा अर्थाची चूक दिसते.

आता खूण. एम दाबल्यावर ओळीच्या सुरुवातीला तारा येतो, ती खूण. डी दाबल्यावर मोठा डी येतो, तो पुसायच्या फाइलींचा शिक्का. ! कमांड फक्त तारे मोजते. डीचा शिक्का लावून तुम्ही फाइली "निवडल्या" असतील, तर डायर्डच्या मते काहीच निवडलेलं नाही आणि कमांड कर्सरखालच्या एकाच फाइलीवर चालते. याच्या उलटही घडतं. लांबलचक यादीत वर कुठेतरी जुने तारे राहिलेले असतात, ते पडद्यावर दिसत नाहीत आणि कमांड त्यांच्यावर चालते. म्हणून ! दाबल्यावर खाली जी ओळ येते ती वाचायची सवय लावून घ्या. एक फाइल असेल तर तिथे तिचं नाव असतं, जास्त असतील तर चौकटी कंसात संख्या असते. संख्या अपेक्षेपेक्षा वेगळी दिसली तर कंट्रोल-जी दाबून मागे या, मोठा यू दाबून सगळ्या खुणा काढा आणि पुन्हा निवडा. खुणा तशाच ठेवून फक्त कर्सरखालच्या फाइलीवर कमांड चालवायची असेल, तर आधी कंट्रोल-यू १ आणि मग !.

पायरी २: प्रिंटएफ लावून पाहा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दोनतीन फाइलींवर खूण करा, ! दाबा आणि लिहा:

प्रिंटएफ '<%एस>\एन' *

शेलला मिळालेला प्रत्येक शब्द कोनी कंसात, वेगळ्या ओळीवर दिसेल. नाव मध्येच तुटलं आहे का, नाव गेलंच नाही का, जास्तीचं काही आलं का, हे सगळं एका नजरेत कळतं. इकोनेही पाहता येतं, पण इको सगळं एका ओळीत मोकळ्या जागा घालून छापतो, त्यामुळे नावातली मोकळी जागा कोणती आणि दोन नावांमधली कोणती ते ओळखता येत नाही.

तुमच्या खऱ्या कमांडची चाचणीही अशीच करा. तिच्या आधी इको हा शब्द लावा, की ती चालण्याऐवजी नुसती छापली जाईल. फाइली हलवणाऱ्या, पुसणाऱ्या किंवा जागच्या जागी बदलणाऱ्या कमांडच्या बाबतीत हे दर वेळी करा. यात एक धोका आहे. ओळीत > हे चिन्ह असेल तर पुढे इको लावूनही ती फाइल लिहिली जातेच, कारण > शेल स्वतः हाताळतो. चाचणीपुरता तो भाग काढून टाका. ओळीत फॉरचं चक्र (एकेक फाइल घेऊन तेच काम पुन्हा करणारी रचना) असेल तर इको चक्राच्या आत, खऱ्या कमांडच्या अगदी आधी लावा.

पायरी ३: तारा आणि प्रश्नचिन्ह

निम्म्याहून अधिक अडचणी इथे असतात, म्हणून इथे जरा थांबू.

तुम्ही काहीच चिन्ह दिलं नाही तर डायर्ड प्रत्येक फाइलीसाठी कमांड एकेकदा चालवतो आणि नाव शेवटी जोडतो. पीडीएफटूटेक्स्ट एवढंच लिहिलं तर ते प्रत्येक पीडीएफवर चालेल. छान.

दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेला * आला, तर सगळी नावं एकदम त्या जागी भरली जातात आणि कमांड एकदाच चालते. गठ्ठा बांधायला हेच हवं असतं:

टार सीझेडएफ गठ्ठा.टीजीझेड *

इथे तारा विसरलात तर काय होईल बघा. टार प्रत्येक फाइलीसाठी स्वतंत्र चालेल, दर वेळी तोच गठ्ठा नव्याने लिहील आणि शेवटी आत एकच फाइल उरेल. कुठलीही चूक दाखवली जाणार नाही.

दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेलं ? आलं, तर कमांड प्रत्येक फाइलीसाठी वेगळी चालते आणि नाव त्या जागी बसतं. नाव शेवटी नको, मध्ये हवं असेल तेव्हा हे लागतं. आणि नाव दुसऱ्या शब्दाला चिकटून हवं असेल तर प्रश्नचिन्ह बॅकटिकांमध्ये लिहायचं. बॅकटिक म्हणजे बहुतेक कीबोर्डवर टॅबच्या वरच्या कळीवरचं तिरकं चिन्ह. फोटो ८०० पिक्सेल रुंदीचे करून नव्या नावाने ठेवायचे असतील तर:

मॅजिक ? -रिसाइझ ८०० लहान-`?`

याने प्रत्येक फोटोची "लहान-" ने सुरू होणारी प्रत तयार होते. मूळ फोटोला धक्का लागत नाही.

आता यात कुठे गडबड होते ते पाहू. पहिली म्हणजे चिन्हाला मोकळी जागा नसणं. "?" असं अवतरणात लिहिलं की प्रश्नचिन्हाच्या बाजूला मोकळी जागा उरली नाही, तर अवतरणचिन्ह आलं. मग डायर्ड त्याला हात लावत नाही. इमॅक्सच्या अलीकडच्या आवृत्त्या अशा वेळी ते चिन्ह ठळक करून विचारतात की हे बदललं जाणार नाही, चालेल का? नवखे लोक हा प्रश्न न वाचताच होकार देतात. तो प्रश्न म्हणजे तुम्हाला मिळालेलं निदान आहे. तुम्हाला नाव भरून हवं होतं आणि इमॅक्स "बदलणार नाही" म्हणतो आहे, तर नकार द्या आणि मोकळी जागा तपासा.

दुसरी गडबड चक्रातली आहे. फॉरचं चक्र लिहिताना

फॉर एफ इन * ; डू इको "$एफ" ; डन

यात ताऱ्यानंतर आणि अर्धविरामाच्या आधी एक मोकळी जागा आहे. ती गाळली तर तारा डायर्डचा राहत नाही, शेलचा होतो. शेल त्याचा अर्थ "या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली" असा लावतो. शिवाय डायर्डला स्वतःचा तारा न मिळाल्याने तो फाइलीचं नाव ओळीच्या शेवटी, डनच्या पुढे जोडतो आणि शेल ती ओळच चुकीची ठरवतो. इमॅक्सने विचारलेल्या प्रश्नाला इथेही नकार द्या.

कधी कधी याच्या उलट हवं असतं, म्हणजे सुटा तारा शेललाच द्यायचा असतो. तेव्हा ताऱ्याला चिकटून रिकामी अवतरणचिन्हं लिहा: *"". डायर्ड त्याला सोडून देतो आणि शेलला त्या रिकाम्या अवतरणांनी काही फरक पडत नाही. एक आणखी: सुटा * आणि सुटं ? एकाच कमांडमध्ये चालत नाहीत, इमॅक्स सरळ नाकारतो.

पायरी ४: मोकळ्या जागा आणि मराठी नावं

"सहलीचे फोटो १.जेपीजी" अशा नावातल्या मोकळ्या जागा सांभाळायचं काम डायर्ड स्वतः करतो. नाव भरताना तो शेलला समजेल अशी खूणगाठ त्यात घालतो. तुम्ही ? भोवती वेगळी अवतरणचिन्हं लावायची नाहीत. लावली तर वर सांगितलेली पहिली गडबड होते. फॉरच्या चक्रात मात्र "$एफ" ला अवतरण हवंच, कारण तिथे नाव शेलच्या हातात गेलेलं असतं.

देवनागरी नावांच्या फाइली आपल्याकडे भरपूर असतात, आणि त्यांच्याबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत काही सापडत नाही. त्यामुळे हे जरा सविस्तर.

यादीत मराठी नावाऐवजी \३४०\२४४ किंवा \३४०\२४५ ने सुरू होणारे आकड्यांचे तुकडे दिसत असतील, तर फाइल बिघडलेली नाही. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटचं असतं आणि त्यातले पहिले दोन बाइट अष्टमान पद्धतीने लिहिले की हेच आकडे येतात. इमॅक्स अशा वातावरणात सुरू झाला आहे जिथे लँग हे चल रिकामं आहे किंवा नुसतं सी आहे. दुसऱ्या मशीनवर एसएसएचने शिरल्यावर किंवा कंटेनरमध्ये हे हमखास होतं. लोकेल -ए ही कमांड देऊन कोणती लोकेल (भाषा आणि अक्षरांच्या पद्धतीची सेटिंग) उपलब्ध आहेत ते पाहा आणि यूटीएफ-८ चं कुठलंही एक निवडून इमॅक्स पुन्हा सुरू करा. तात्पुरतं काम भागवायचं असेल तर मेटा-एक्स सेट-लँग्वेज-एन्व्हायर्नमेंट देऊन यूटीएफ-८ निवडा आणि डायर्डमध्ये लहान जी दाबा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. "किनाऱ्यावर" या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ आणि हलंत देतात, काही साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. शिवाय ऱ स्वतः एक अक्षर म्हणून साठवला जातो किंवा र आणि नुक्ता अशी दोन अक्षरं म्हणूनही. मॅकची जुनी एचएफएस-प्लस फाइलव्यवस्था नावं अशी फोडूनच ठेवायची. त्यामुळे तिथून लिनक्सवर आलेल्या फाइलींवर % एम वापरून "किनाऱ्या" हा नमुना दिला तर एकही फाइल सापडत नाही, समोर दिसत असूनही. शंका आली की नावातल्या त्या अक्षरावर कर्सर नेऊन कंट्रोल-यू कंट्रोल-एक्स = दाबा. इमॅक्स त्या अक्षराचा सांकेतिक क्रमांक आणि ते कशाकशाचं बनलं आहे ते सांगतो.

यात डायर्डचा एक मोठा फायदा दडलेला आहे. तुम्ही फाइल एम दाबून हाताने निवडली तर नाव थेट डिस्कवरून येतं, अगदी बाइटसकट. तुम्ही ते टाइप करत नाही, म्हणून कोणत्या कीबोर्डवर ते लिहिलं होतं याचा प्रश्नच येत नाही. अशा फाइलींसाठी टर्मिनलपेक्षा डायर्ड भरवशाचा आहे.

तिसरी गोष्ट लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीत ती ८५ अक्षरांना संपते, आणि मात्रा, हलंत, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. नाव आधीच लांब असेल आणि तुम्ही त्याला "लहान-" सारखी जोड दिली तर "नाव फार लांब आहे" अशी चूक येते. तसंच एकाच वेळी खूप फाइली निवडल्या तर "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग" दिसतं. इमॅक्स सगळी ओळ शेलला एकच शब्द म्हणून देतो आणि लिनक्सवर अशा एका शब्दाला १३१०७२ बाइटची मर्यादा आहे. सुरक्षिततेसाठी डायर्ड प्रत्येक देवनागरी अक्षरापुढे बॅकस्लॅशही लावतो, म्हणजे अक्षरामागे चार बाइट. ४० अक्षरांची नावं असली तर सुमारे आठशे फाइलींत ती मर्यादा भरते. उपाय साधा: थोड्या थोड्या फाइली निवडून दोनतीन फेऱ्यांत काम करा.

पायरी ५: कमांड कुठे चालली

"कमांड यशस्वी झाली असं म्हणतो, पण फाइल कुठेच नाही." फाइल असते, दुसरीकडे असते. डायर्डमध्ये कमांड त्या बफरच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये चालते. लहान आय दाबून तुम्ही उपफोल्डरची यादी त्याच बफरमध्ये खाली आणली असेल आणि तिथली झिप फाइल निवडून अनझिप दिलं, तर सगळं वरच्या फोल्डरमध्ये पसरतं. निवडलेल्या फाइलीचं नावही मग "उपफोल्डर/फाइल" असं जातं. म्हणूनच वरची लहान-`?` ही युक्ती अशा वेळी फसते: ती "लहान-उपफोल्डर" नावाच्या, अस्तित्वात नसलेल्या फोल्डरमध्ये लिहायला जाते. उपफोल्डरवर एंटर दाबून त्याचा स्वतंत्र बफर उघडा आणि तिथून कमांड द्या. खात्री करायची असेल तर पीडब्ल्यूडी ; इको * लिहून पाहा.

दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर ट्रॅम्पने (दूरच्या फाइली उघडण्याची इमॅक्सची सोय) उघडलेलं असेल तर कमांड त्या मशीनवर चालते. प्रोग्रॅम तिथे बसवलेला हवा. तिथे असूनही सापडत नसेल तर ट्रॅम्प-रिमोट-पाथ या यादीत ट्रॅम्प-ओन-रिमोट-पाथ जोडा, म्हणजे तिथल्या तुमच्या लॉगिनचा मार्ग वापरला जाईल. जोडल्यावर मेटा-एक्स ट्रॅम्प-क्लीनअप-ऑल-कनेक्शन्स द्या, नाहीतर जुनी जोडणीच चालू राहते.

पायरी ६: "कमांड नॉट फाउंड"

खाली "फेल्ड विथ कोड १२७" आलं तर शेलला त्या नावाचा प्रोग्रॅम सापडला नाही. १२६ असेल तर सापडला, पण चालवायची परवानगी नाही. बाकीचे आकडे बहुधा त्या प्रोग्रॅमचे स्वतःचे असतात. त्यांचा अर्थ त्याच्या माहितीपानावर पाहा.

१२७ ची दोन कारणं नेहमीची. एक म्हणजे अलियास. तुम्ही बॅशच्या सेटिंग फाइलीत केलेली लघुरूपं आणि फंक्शनं टर्मिनलमध्ये चालतात, कारण तो शेल तुमच्याशी संवाद करणारा असतो. डायर्ड शेलला -सी देऊन एका ओळीपुरता बोलावतो. असा शेल बॅशआरसी वाचत नाही, झेडशेल असेल तर झेडएसएचआरसी वाचत नाही. त्यावर उपाय म्हणून शेल-कमांड-स्विच बदलून -आयसी करा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. मी तो देणार नाही. दर कमांडला सगळी सेटिंग वाचली जातात, कामाचा वेग पडतो आणि उत्तरात "नो जॉब कंट्रोल" वगैरे ओळी मिसळतात. त्यापेक्षा ते लघुरूप एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहा, तिला चालवण्याची परवानगी द्या आणि पाथमधल्या (शेल ज्यांत प्रोग्रॅम शोधतो त्या फोल्डरांच्या यादीतल्या) फोल्डरमध्ये ठेवा. मग ती टर्मिनलमध्येही चालते आणि डायर्डमध्येही.

दुसरं कारण पाथ. मॅकवर डॉकमधून किंवा लिनक्सवर मेनूतून उघडलेल्या इमॅक्सला टर्मिनलमधला पाथ मिळत नाही. होमब्रूने बसवलेले प्रोग्रॅम ॲपल सिलिकॉन मॅकवर /ऑप्ट/होमब्रू/बिन मध्ये असतात आणि तो मार्ग शेलच्या सेटिंग फाइलीतूनच येतो. मेटा-! दाबून इको $पाथ द्या, टर्मिनलमध्येही तेच द्या, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल हे पॅकेज बसवा. इमॅक्स सुरू होताना ते तुमच्या शेलला एकदा विचारून पाथ आणून ठेवतं.

हाताने करणारे इथे एक गोष्ट विसरतात. एक्झेक-पाथ ही इमॅक्सची स्वतःची यादी आहे, प्रोग्रॅम थेट सुरू करताना इमॅक्स ती बघतो. ! ने दिलेली कमांड मात्र शेल शोधतो, आणि शेल बघतो ते पाथ हे पर्यावरण-चल. फक्त एक्झेक-पाथ वाढवलं तर डायर्डमध्ये काहीच बदलणार नाही. सेटएन्व्ह वापरून पाथही बदलायला हवा.

तुमचा लॉगिन शेल फिश (बॅशपेक्षा वेगळी रचना असलेला शेल) असेल तर इमॅक्सही तोच उचलतो आणि फॉर, डू, डन ही रचना तिथे चालत नाही. शेल-फाइल-नेम मध्ये /बिन/बॅश लिहा. टर्मिनलमध्ये फिश वापरत राहायला काहीच हरकत नाही.

पायरी ७: इमॅक्स गोठतो, किंवा काहीच घडत नाही

! ने दिलेली कमांड संपेपर्यंत इमॅक्स थांबतो. मोठा व्हिडिओ बदलायला दिला तर तो बंद पडल्यासारखा वाटेल. कंट्रोल-जी दाबलं की सुटका होते. लांब कामांना & वापरा. त्याचं उत्तर वेगळ्या बफरमध्ये येतं आणि तिथे कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबून काम थांबवता येतं.

अनेक फाइलींवर & दिलं तर सगळ्या कमांड एकदम सुरू होतात, हे लक्षात ठेवा. वीस व्हिडिओंवर एफएफएमपेग एकाच वेळी सुटला तर मशीन गुदमरेल. कमांडच्या शेवटी ; लिहिलं तर काम पार्श्वभूमीतच होतं, पण एकामागून एक. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे, आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते.

उत्तर मागणाऱ्या कमांडचं वेगळं. ! मध्ये प्रोग्रॅमला कीबोर्ड मिळत नाही, रिकामा मजकूर मिळतो. अनझिप "फाइल आधीच आहे, वर लिहू का?" असं विचारतं, उत्तर मिळत नाही आणि ते जुन्या फाइली तशाच ठेवून संपतं. आधीच निर्णय सांगून टाका: अनझिपला -ओ म्हणजे वर लिही, -एन म्हणजे जुनं राहू दे. एफएफएमपेगला -वाय किंवा -एन. सुडोही (रूट म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्रॅम) असाच अडतो, कारण पासवर्ड विचारायला त्याला टर्मिनल हवं असतं. यावर चांगला मार्ग म्हणजे फोल्डरच अधिकारासह उघडणं. कंट्रोल-एक्स डी दाबून /सुडो::/ईटीसी/ असा पत्ता द्या. पासवर्ड इमॅक्स विचारेल आणि त्या बफरमधल्या कमांड रूट म्हणून चालतील. काम झालं की तो बफर बंद करा, उघडा ठेवू नका.

टॉप, व्हिम, लेस असे पूर्ण पडदा घेणारे प्रोग्रॅम इथून चालवू नका. त्यांच्यासाठी मेटा-एक्स टर्म आहे. & ने गिट लॉग दिल्यावर "टर्मिनल इज नॉट फुली फंक्शनल" दिसलं तर तो मध्ये आलेल्या लेसचा संदेश असतो. गिट --नो-पेजर लॉग असं लिहा.

लिनक्सवर एक तक्रार वारंवार ऐकू येते: & दाबून एक्सडीजी-ओपन दिलं तर पीडीएफ उघडतच नाही, किंवा क्षणभर दिसून जाते. एक्सडीजी-ओपन दुसऱ्या प्रोग्रॅमला काम सोपवून स्वतः लगेच संपतो. तो संपला की इमॅक्सने त्याच्यासाठी उघडलेलं आभासी टर्मिनल बंद होतं आणि मागे राहिलेल्या प्रोग्रॅमला "लाइन तुटली" असा संकेत जातो. त्याने तोही मिटतो. आधी नोहप लावा:

नोहप एक्सडीजी-ओपन

हा संकेत मग दुर्लक्षित होतो आणि खिडकी उघडी राहते.

पायरी ८: काम झालं, पण दिसत नाही

कमांडने नव्या फाइली केल्या तरी डायर्डला ते कळत नाही. कोणत्या फाइली बदलतील हे त्याला आधी ठाऊक नसतं. लहान जी दाबा, यादी ताजी होईल. हे आपोआप हवं असेल तर त्या बफरमध्ये मेटा-एक्स ऑटो-रिव्हर्ट-मोड चालू करा.

उत्तर थोडं असेल तर ते पडद्याच्या तळाशी एका ओळीत येतं आणि पुढची कळ दाबताच जातं. ते "*शेल कमांड आउटपुट*" या बफरमध्ये मिळेल.

आणि कमांड चालते ती डिस्कवरच्या फाइलीवर. इमॅक्समध्ये तीच फाइल उघडी असून बदल जतन केलेले नसतील, तर कमांडला ते दिसत नाहीत. आधी कंट्रोल-एक्स एस दाबून सगळं जतन करा. कमांडने फाइल बदलली असेल तर त्या बफरमध्ये मेटा-एक्स रिव्हर्ट-बफर द्या, नाहीतर जुना मजकूर पुन्हा वर लिहिला जाईल.

विंडोजवर असाल तर

विंडोजवरच्या इमॅक्समध्ये मागे सीएमडी असतो. यादी दिसते ती इमॅक्सने स्वतः बनवलेली, म्हणून एलएस आहे असं वाटतं, पण फॉर, डू, डन चालत नाही आणि फाइंड हा तिथे वेगळाच प्रोग्रॅम आहे. मराठी नावांच्या फाइलींची मर्यादा तर पक्कीच. प्रोग्रॅमला नावं देताना इमॅक्स विंडोजची जुनी कोडपेज पद्धत वापरतो आणि देवनागरीसाठी तशी कोडपेज नाही, त्यामुळे नाव वाटेतच हरवतं. मराठी फाइलींवर नियमित काम असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) इमॅक्स बसवा.

तरीही अडलं तर

इमॅक्स -मोठा क्यू असा सुरू करा. यात तुमची सेटिंग आणि पॅकेजं वाचली जात नाहीत. तिथे तीच कमांड चालली तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे. सेटिंग फाइल अर्धी अर्धी बंद करत गेलात तर दोषी ओळ लवकर सापडते. तिथेही चालली नाही, तर मदत मागताना या गोष्टी सोबत द्या: इमॅक्सची आवृत्ती, कोणती प्रणाली, तुम्ही लिहिलेली कमांड अक्षरशः, दुसऱ्या पायरीतल्या प्रिंटएफचं उत्तर आणि शेवटी आलेला कोड.